कर नाही त्याला डर असतोच

पुण्यात तळजाईच्या चढावर, कमला नेहरू पार्कातल्या बाकांवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एवढंच काय, वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना रिक्षातसुद्धा गेली दोन वर्षं मी एकच वाक्य ऐकतो आहे : "अहो, शिकलीसवरलेली माणसं ही, एवढी कशी मूर्ख?" पेपरच्या आतल्या पानावर बातमी असते. कोथरूडचे निवृत्त अभियंते, सहकारनगरच्या माजी प्राध्यापिका, 'डिजिटल अरेस्ट' (पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर 'अटक'), इतके लाख, तितके कोटी. वाचणारा चष्मा कपाळावर सरकवतो, च्च् करतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. आरोपी परदेशात बेपत्ता, निकाल मात्र फिर्यादीच्या विरोधात.

या निकालपत्राचा मजकूरही आता पाठ झाला आहे. घरात बसलेला माणूस, दाराची कडी आतून, फोन स्वतःच्या हातात. कट करायचा आणि पंखा लावून झोपायचं, यात अवघड काय? पोलीस कधी व्हिडिओवर अटक करतात का? पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सांगायचा, तरी कळू नये? मुळात कर नाही त्याला डर कशाला? आणि मग आवाज जरा खाली आणून : "काहीतरी भानगड असणारच हो. उगाच कोण देतं एवढे पैसे?"

मला यातल्या प्रत्येक वाक्याचा राग येतो. शेवटच्याचा सगळ्यांत जास्त.

गंमत अशी की हीच मंडळी पुस्तक हातात घेतल्यावर फार समजूतदार असतात. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ साली आली. तिच्यातल्या विन्स्टन स्मिथच्या खोलीत भिंतीवर एक पडदा आहे. तो बोलतो, ऐकतो, बघतो, आणि विन्स्टनला तो बंद करता येत नाही. पुढे ओब्रायन नावाचा अधिकारी त्याला कोंडतो, छळतो, मध्येच मायेने समजावतो, पुन्हा छळतो. शेवटी विन्स्टन आपल्या छळकर्त्यांवर प्रेम करू लागतो. कादंबरी मिटताना कुणी असं म्हणतं का, की हा विन्स्टन गाढवच होता, दोन आणि दोन चार एवढंही त्याला धरून ठेवता आलं नाही? छे. तिथे आपण सत्तेबद्दल बोलतो, यंत्राबद्दल बोलतो, माणसाच्या मनाच्या मर्यादांबद्दल तर व्याख्यानच देतो. जयंत नारळीकर ज्या शहरात राहिले त्या शहराला विज्ञानकथा काही परकी नाही. पण कथेतल्या नायकाला पडद्याने जिंकलं की ती शोकांतिका, आणि वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकांना जिंकलं की सकाळच्या चहाबरोबरची करमणूक, हा न्याय कुठला?

तर आधी 'फोन कट करायचा' हे बघू.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका या फेऱ्यातून गेल्या. त्यांनी फोन ओट्यावर तांब्याला टेकवून उभा केला होता, कारण पोळ्या लाटतानाही चेहरा दिसला पाहिजे असा हुकूम होता. बाथरूमला जायचं तर विचारून. ठरावीक वेळाने 'मी घरातच आहे' असा मेसेज. रात्री फोन उशाशी, कॅमेरा चालू. लेकीचा अमेरिकेहून फोन आला तेव्हा "जरा कामात आहे गं" एवढंच, कारण घरच्यांना कळलं तर तेही गुन्ह्यात सहआरोपी होतील असं बजावलेलं. दरडावणारा एक 'साहेब' होता, आणि त्याच्या हाताखालचा एक मऊ आवाजाचा. साहेब ओरडून गेला की हा दुसरा हळूच विचारायचा, "माताजी, खाना खाया आपने?" बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, उलट जरा ओशाळं हसल्या. म्हणाल्या, "दिवसभरात तेवढंच कुणी प्रेमाने विचारत होतं. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी मुकाट बँकेत गेले."

हा बावळटपणा नाही. हे तंत्र आहे, आणि ते जुनं आहे. कोरियाच्या युद्धात पकडल्या गेलेल्या अमेरिकी वैमानिकांनी आपण जंतुयुद्ध केल्याचे खोटे कबुलीजबाब दिले होते. लढाऊ विमानं उडवणारी, प्रशिक्षण घेतलेली तरणीबांड माणसं ती. त्यांना कुणी मूर्ख म्हणू शकत नव्हतं. म्हणून अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अल्बर्ट बिडरमन या समाजशास्त्रज्ञाने सुटून आलेल्यांशी बोलून १९५७ साली एक तक्ता मांडला. माणसाला एकटं पाडा. त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर खिळवून ठेवा. झोप मोडा, थकवा. धमक्या द्या. अधूनमधून एखादी सवलत द्या. आपण सर्वशक्तिमान आहोत असं दाखवा. अपमान करा. आणि क्षुल्लक हुकूम पाळायला लावा, म्हणजे हुकूम पाळायची सवय लागते. मारहाण या यादीत नाही, कारण बिडरमनच्या मते तिची गरजच नव्हती. हाच तक्ता पुढे २००२ साली ग्वांतानामोच्या चौकशी अधिकाऱ्यांना शिकवायला वापरला गेला, हेही नंतर उघड झालं. आता ओट्यावरचा तांब्या, बाथरूमची परवानगी आणि 'खाना खाया आपने' हे त्या तक्त्याशेजारी ठेवून बघा. एकही रकाना रिकामा राहत नाही. प्रशिक्षित वैमानिक ज्यापुढे वाकले त्यापुढे सत्तरीची, घरात एकटी राहणारी, साखरेच्या गोळ्या घेणारी बाई ताठ उभी राहायला हवी होती, अशी अपेक्षा नक्की कोण करतंय? सोसायटीच्या अध्यक्षासमोर ज्यांचा आवाज फुटत नाही, ते?

थोडं वाचन असलेले लोक इथे 'स्टॉकहोम सिंड्रोम' पुढे करतात. मूर्ख म्हणण्याची ही सुशिक्षित पद्धत. १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोराने चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. सुटकेनंतर त्या ओलिसांनी पोलिसांवर टीका केली, म्हणून पोलिसांचाच सल्लागार असलेल्या निल्स बेयरोट या मानसोपचारतज्ज्ञाने त्यांच्या वागण्याला आजार ठरवून टाकलं. ज्या क्रिस्टिन एनमार्कवर हे निदान प्रामुख्याने बसलं, तिच्याशी तो बोललासुद्धा नव्हता. तिचं म्हणणं साधं होतं : आतल्या बंदूकधाऱ्याशी जुळवून घेणं हा जगण्याचा मार्ग होता, आणि बाहेरच्या पोलिसांची तिला जास्त भीती वाटत होती. कोंडलेल्या माणसाने आपल्या अकलेने जीव वाचवायचा प्रयत्न करावा आणि बाहेरच्याने त्याला रोगी ठरवावं, ही चाल तिथपासूनची.

आता 'कर नाही त्याला डर कशाला'. ही म्हण ज्याने रचली त्याला मनी लाँडरिंगचा कायदा ठाऊक नव्हता. या टोळ्यांना तो तोंडपाठ आहे. त्या तुम्हाला खून केल्याचं का सांगत नाहीत? कारण खून आपण केला नाही याची प्रत्येकाला खात्री असते. पण तुमच्या आधार क्रमांकावर कुठेतरी खातं उघडलं गेलं आणि त्यातून काळा पैसा फिरला, हे तुम्ही कशाच्या बळावर नाकारणार? सिम घेताना, लॉजवर उतरताना, सोसायटीच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात आपण आधारच्या प्रती वाटत आलो आहोत. त्यातली एखादी कुठे गेली, हे छातीठोक सांगणारा एक तरी पुणेकर मला दाखवा.

आणि त्या कायद्यात निर्दोष असणं हे दिलासा देणारं असतं का? या कायद्याच्या, म्हणजे पीएमएलएच्या, २४ व्या कलमाने पैसा गुन्ह्यातला नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली आहे. ४५ व्या कलमानुसार आरोपी दोषी नसावा असं न्यायालयाला आधी वाटलं पाहिजे, मग जामीन. ईडी जी तक्रार नोंदवते त्या ईसीआयआरची प्रत आरोपीला द्यायलाच हवी असं नाही. हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी उचलून धरलं. माजी मंत्री, मुख्यमंत्री महिनोन् महिने आत राहिलेले आपण रोज टीव्हीवर पाहिले. ते दोषी की निर्दोष हा वाद बाजूला ठेवा. पण ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याचे हे हाल, तर आपलं काय होईल, असा विचार करणारा पेन्शनर भोळा की व्यवहारी? ज्याने खरोखर केलेलं असतं, त्याचा वकील ठरलेला असतो. घाबरतो तो न केलेला. आयुष्यभर कर वेळेवर भरलेला, सिग्नलला थांबणारा, कचेरीत साहेबांसमोर उभा राहून बोललेला. या टोळ्या कायदा मोडणाऱ्यांना लुटत नाहीत, कायद्याचा धाक बाळगणाऱ्यांना लुटतात. आपण शाळेपासून ज्याला सद्गुण म्हणून शिकवलं, तोच इथे फास झाला, आणि आता त्यासाठीच आपण हसायचं?

"पण व्हिडिओवर कुठे अटक होते?" होत नाही. कायद्यात अशी कसलीही तरतूद नाही, हे शंभरदा सांगायला हवं आणि सांगतोच. पण व्हिडिओवर काय काय होतं, तेही जरा आठवा. येरवड्यातला कच्चा कैदी न्यायाधीशासमोर व्हिडिओवर हजर होतो. सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी आपण घरबसल्या बघतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० पासून व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली; बँकेचा माणूस फोनवरून सांगतो, पॅनकार्ड कॅमेऱ्यासमोर धरा, मान वळवा, आणि आपण वळवतो. पेन्शनर दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून सिद्ध करतो. पुण्यात सिग्नल तोडल्याचा दंड मोबाइलवर येतो, आणि कधीकधी तो आपण तोडलेला नसतानाही येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायला मुभा दिली. ज्या सरकारने आपलं अस्तित्वसुद्धा फोनच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली, त्याच पडद्यावर गणवेशातला माणूस दिसला तर 'हे मात्र खोटं' असं ओळखायचं कसं?

माझं बोलणं अतिशयोक्त वाटत असेल तर एक आदेश बघा. २१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवू नका. का बजावावं लागलं? पोलीस पाठवत होते म्हणून! म्हणजे खरे पोलीस व्हॉट्सॲपवर नोटिसा धाडत होते, त्याच काळात खोटेही धाडत होते, आणि दोन्हींतला फरक आजोबांनी अशोकस्तंभाच्या शिक्क्यावरून ओळखायचा होता. शिक्का खोटा होता हे कळायला खरा कधीतरी पाहिलेला असावा लागतो. पाहिलेला असतो किती जणांनी?

शिक्षणाच्या मुद्द्याला तर फारसा अर्थच नाही. वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल, पद्मभूषण, यांच्याकडून २०२४ साली याच पद्धतीने सात कोटी उकळले गेले. त्यांच्यासाठी तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावाने अख्खं खोटं न्यायालय भरवलं होतं. लांब कशाला? ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेतून हॅकरांनी दोन-तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम पळवली. तिथे संगणक विभाग होता, लेखापरीक्षक होते, शतकभराची परंपरा होती. तेव्हा तळजाईवर कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही की "बँक शिकलेली होती हो, एवढी कशी मूर्ख?" संस्था लुटली गेली की तो 'सायबर हल्ला' होतो, माणूस लुटला गेला की 'फसला'. आणि केंद्राने संसदेत दिलेले आकडे घ्या : डिजिटल अरेस्ट आणि तत्सम प्रकारांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या, २०२४ मध्ये १,२३,६७२ झाल्या. दोन वर्षांत देशातला मूर्खपणा तिप्पट झाला, असं ज्याला वाटतं त्याने तसं मानावं.

'लोभाने फसले' या आरोपाची गोष्ट दोन वाक्यांत संपते. शेअर बाजारात महिन्यात पैसे दुप्पट करायला निघालेल्याला लोभी म्हणा, हवं तर. इथे कुणाला काही मिळणार नव्हतं, असलेलं 'पडताळणीसाठी' द्यायचं होतं.

बँकेचा भाग मात्र मला जास्त सतावतो. पंचाहत्तरीचा खातेदार एकटा शाखेत येतो. चेहरा उतरलेला, कान सारखा फोनकडे. वर्षानुवर्षं नूतनीकरण होत आलेल्या सगळ्या ठेवी एकदम मोडायच्या म्हणतो आणि कधी नाव न ऐकलेल्या, परराज्यातल्या कुणाच्या तरी चालू खात्यात आरटीजीएस करायला सांगतो. काउंटरवर त्याला काय विचारतात? मुदतपूर्व मोडल्यास व्याज कमी मिळेल, चालेल ना? बस. एरवी सही थोडी हलली तरी चेक परत करणारी बँक ती! हैदराबादेत एका बँकेच्या कर्मचाऱ्यांनी अशाच ज्येष्ठ खातेदाराला बोलण्यात गुंतवून, संशय घेऊन थांबवलं आणि त्याचे लाखो रुपये वाचले. म्हणजे थांबवता येतं. आणि पैसे जातात त्या खात्यांचं काय? तीही कुठल्यातरी बँकेतच असतात, रीतसर केवायसी झालेली. परवापर्यंत हजार-दोन हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात दुपारी पन्नास लाख येतात आणि चहाच्या वेळेपर्यंत वीस ठिकाणी पांगतात, तरी कुणाची झोप मोडत नाही. अशी खाती ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्ता का वापरत नाही, असा प्रश्न १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला रिझर्व्ह बँकेला विचारावा लागला. त्याच दिवशी डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. न्यायालयाने 'हे ज्येष्ठ नागरिक एवढे कसे मूर्ख' असं विचारलं नाही, याची नोंद आमच्या बाकावरच्या मंडळींनी घ्यावी.

आणि तो मऊ आवाजाचा मुलगा कोण होता? कदाचित टोळीचा पगारी माणूस. कदाचित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता, की एकट्या म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसं अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली आहेत. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला बोलवायचं, नदीपार म्यावाडीला न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा, रोजचं 'टार्गेट' द्यायचं. चुकलं की मार, विजेचे झटके. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठाहून अधिक जणांची सुटका केली. फोनच्या अलीकडे एक कैदी, पलीकडेही बहुधा एक कैदी, आणि दोघांवर नजर ठेवणारा तिसराच कुणी, जो कॅमेऱ्यात कधी येत नाही. ऑर्वेललाही एवढं सुचलं नव्हतं. बाईंना ज्याची दया आली तो खरोखर दयेच्या लायक असण्याची शक्यता आहे. मला हे फार अस्वस्थ करतं, आणि याचं काय करायचं हे सांगता येत नाही.

शेवटी राहतं ते "काहीतरी भानगड असणारच". या वाक्याने जीव जातो, शब्दशः. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितके पैसे मधल्या खात्यांत गोठवता येतात. ओसवालांनी लाज बाजूला ठेवून तक्रार केली, जाहीरपणे बोलले, आणि पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले. आमच्या बाईंनी अकरा दिवस कुणाला काही सांगितलं नाही. टोळीची भीती दोन दिवसांत ओसरली होती. उरलेले नऊ दिवस आमची होती. लिफ्टमधल्या माणसांची, भिशीतल्या मैत्रिणींची, "आई, तू सुद्धा?" म्हणणाऱ्या लेकीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. त्याआधी असंच धमकावून त्यांच्याकडून कोटीहून अधिक रक्कम घेतली गेली होती. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, पण ठेच लागलेल्याला 'लागली' म्हणायची सोय तरी ठेवली आहे का आपण? एकटं पाडणं हा बिडरमनच्या तक्त्यातला पहिला रकाना. कैद संपल्यावरही तो रकाना चालू ठेवायचं काम टोळीला करावं लागत नाही, ते आपण फुकटात करतो.

तेव्हा उद्या अशी बातमी आली की चष्मा कपाळावर नेण्याआधी ती नीट वाचा. फसलेल्याचं वय छापलेलं असेल. पेठ किंवा उपनगर असेल, हुद्दा असेल, मुलं कुठल्या देशात आहेत तेही असेल. ज्या शाखेतून ठेवी मोडल्या तिचं नाव आहे का? ते खातं केवायसी करून कुणी उघडलं, ते आहे का? पन्नास लाख आत येऊन बाहेर जाईपर्यंत कुणाच्या संगणकावर काय दिसत होतं, ते? नसेल, तर मूर्ख कोण हा प्रश्न जरा त्यांना विचारू. आमच्या बाईंना नंतर विचारता येईल, त्या कुठे जात नाहीत. घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं आहे.